सवलतीचा पास आणि घरचा पत्ता

मध्यमवर्गीय संसाराच्या जमाखर्चाची वही उघडून पाहिली, तर मोठ्या रकमा घरांतील सर्वांस पाठ असतात असें दिसून येईल. जागेचें भाडें अथवा कर्जाचा हप्ता, वाण्याचें बिल, मुलांची फी, औषधपाणी यांचा विचार प्रत्येक घरांत होतच असतो. परंतु कांहीं बाबी अशा असतात कीं, त्यांजकडे कोणाचेंच लक्ष नसतें, आणि दुसऱ्या कोणाचें तरी आहे अशी मात्र प्रत्येकाची समजूत असते. एकत्र कुटुंबांत तर हें विशेषच घडतें. मुंबई व तिच्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबांपुरतें बोलावयाचें, तर शिकणाऱ्या मुलामुलींचा आगगाडीचा सवलतीचा पास ही अशीच एक बाब आहे. पास चालूं असतो तोंपर्यंत त्याची आठवण कोणासच होत नाहीं. तो संपला व नवा मिळेना झाला, म्हणजे मात्र दोन दिवस घरांत दुसरा विषय नसतो. ही अडचण कां उत्पन्न होते आणि ती सरळ मार्गानें कशी सोडवितां येते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सवलत म्हणजे किती?

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवर चालणारी पहिली गाडी सुटली. तेव्हांपासून या नगरीचा संसार रुळांवर चालला आहे असें म्हटलें तरी चालेल. रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांस प्रत्येक वेळीं तिकीट काढणें परवडावयाचें नाहीं व सोयीचेंही नाहीं. म्हणून मुदतीच्या पासाची योजना झाली. उपनगरी मासिक पासाची किंमत साधारणतः पंधरा एकेरी भाड्यांवर बसविलेली असते. महिन्यांतून पंचवीस दिवस जाऊन-येऊन प्रवास केला, तर पन्नास खेपा होतात. म्हणजे पासवाला पंधरा खेपांच्या पैशांत पन्नास खेपा करतो. तीन महिन्यांचा पास घेतला, तर मासिकाच्या तिप्पट न पडतां २.७ पट पैसे पडतात. सहा महिन्यांस ५.४ पट व वर्षास १०.८ पट.

यावर विद्यार्थ्यांस निम्मी सवलत असते. अधिभार व पूर्णांकाचे किरकोळ पैसे सोडून दिले, तर विद्यार्थ्याच्या पन्नास खेपा साडेसात भाड्यांत होतात. ही सवलत सर्वसाधारण विद्यार्थ्यास वयाच्या २५ वर्षांपर्यंत, अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यास २७ वर्षांपर्यंत, व संशोधन करणारास ३५ वर्षांपर्यंत मिळूं शकते. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींस व बारावीपर्यंतच्या मुलांस घर व शाळा यांमधील दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याची तरतूदही रेल्वेच्या नियमांत आहे. ज्या घरांत अशीं मुलें असतील, त्यांनीं शाळेच्या कार्यालयांत तिची चौकशी अवश्य करावी.

आतां या सवलतीचें मर्म पाहिलें पाहिजे. सवलत ही कागदास मिळत नाहीं. ती एका ठराविक व्यक्तीस, एका ठराविक वाटेवर, एका ठराविक मुदतीपुरती मिळते. व्यक्ति कोण, हें नांव, जन्मतारीख व ओळखपत्र यांवरून ठरतें; वाट कोणती, हें राहत्या घरापासून विद्यालयापर्यंत; आणि मुदत पासावर छापलेली असते. पहिल्या वेळीं या तिन्ही गोष्टी जुळवून दिलेल्या असतात, म्हणून नूतनीकरण म्हणजे नुसते पैसे भरण्याचें काम अशी आपली समजूत होते. वस्तुतः प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळीं या तिन्ही गोष्टींची पुन्हा तपासणी होत असते, आणि मध्यंतरीं त्यांपैकीं एक जरी बदलली असेल, तरी गाडें तेथेंच अडतें.

एका कुटुंबाची हकीकत

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत अलीकडे जें घडलें, तें या दृष्टीनें बोधप्रद आहे. थोरले बंधु डोंबिवलीस वडिलार्जित जागेंत राहत, आणि धाकटे ठाण्यास भाड्याच्या जागेंत. वडील वारल्यावर आईच्या भोंवतीं माणसें असावीं म्हणून, व ठाण्याचें भाडेंही डोईजड झालें होतें म्हणून, धाकटे बंधु पत्नी व कन्या यांसह डोंबिवलीस राहावयास आले. कन्या माटुंग्याच्या बाजूस एका महाविद्यालयांत एम्.एस्सी.च्या पहिल्या वर्षांत शिकत होती. तिचा तीन महिन्यांचा सवलतीचा पास ठाणें ते माटुंगा असा होता व त्याची मुदत महिनाभर उरली होती. तोंपर्यंत डोंबिवली ते ठाणें एवढ्या अंतराचा साधा मासिक पास वेगळा काढून तिनें निभावून नेलें.

मुदत संपावयास चार दिवस राहिले, तेव्हां ती सवलतीचा फॉर्म मागावयास महाविद्यालयाच्या कार्यालयांत गेली. कारकुनानें दप्तर पाहून सांगितलें कीं, आमच्याकडे तुमचा पत्ता ठाण्याचा आहे. डोंबिवलीचा फॉर्म हवा असेल, तर तेथें राहत असल्याचा पुरावा आणा. म्हणणें सरळ होतें. मुलगी घरीं आली आणि पुराव्याचा शोध सुरू झाला. तिच्या आधारकार्डावर पत्ता ठाण्याचा. विजेचें बिल पाहावें, तर तें अद्याप दिवंगत आजोबांच्या नांवानें येत होतें. डोंबिवलीच्या रेशनकार्डावर आजी, काका, काकू व त्यांचीं मुलें. धाकट्या कुटुंबाचें रेशनकार्ड वेगळें व तें ठाण्याचें. सोसायटीच्या पावत्या काकांच्या नांवानें. ज्या घरांत ती रोज जेवत होती, अभ्यास करीत होती आणि तिन्हीसांजेस देवापुढें दिवा लावीत होती, त्या घरांतील एकही कागद ती तेथें राहते असें म्हणावयास तयार नव्हता!

रात्रीं पानें वाढलीं असतां या प्रश्नाचा खल झाला. काका म्हणाले, "एवढं काय त्यांत? आहे तसाच ठाण्याचा फॉर्म घेऊं दे तिला. पुढचा तुकडा वेगळा काढतोच आहे कीं नाहीं आपण?" वडिलांचें म्हणणें पडलें कीं, आपण स्वतः प्राचार्यांकडे जाऊन त्या कारकुनाची तक्रार करूं. चुलतभावानें सुचविलें कीं, परीक्षा तोंडावर आली आहे, चार दिवस जुन्याच पासावर जावें. गर्दीच्या वेळीं कोण पाहतो? आजी इतका वेळ कांहीं बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अरे, पोरीच्या सहीनं खोटं लिहून द्यायचं, आणि त्यांत वांचणार तें किती? उद्यां कोणी तिला विचारलं, 'तूं राहतेस कुठं?' तर ह्या घरांत उभं राहून तिनं ठाणं सांगायचं होय?"

दुसऱ्या दिवशीं धाकटे बंधु आम्हांकडे आले. तिन्ही सूचना ऐकल्यावर आम्हांस आजींचें म्हणणेंच केवळ नीतीच्या नव्हे तर व्यवहाराच्याही दृष्टीनें पटलें. फॉर्मवर विद्यार्थी आपला पत्ता देतो आणि त्या विश्वासावर विद्यालयाचा मुख्य सहीशिक्का करतो. ठाण्यास राहणें संपलें असतां ठाण्याचा पत्ता देणें, म्हणजे स्वतःबरोबर त्या सहीसही खोटें पाडणें होय. तक्रारीचेंही तसेंच. कारकुनानें पुरावा मागितला, यांत त्याचा दोष कोणता? त्यानें विचारल्यावांचून फॉर्म दिला असता, तर ती मेहरबानी झाली असती. आणि मेहरबानी आज मिळते, उद्यां मिळेलच असें नाहीं. राहिली जुन्या पासावर जाण्याची गोष्ट. मुदत संपलेला पास म्हणजे तिकीटच नव्हे. पकडलें गेल्यास प्रवासाचें भाडें व त्यावर किमान २५० रुपये भरावे लागतात. पैसे भरून सुटका होईलही. परंतु भर स्टेशनांत चार माणसांदेखत ज्या मुलीस तें ऐकून घ्यावें लागेल, तिच्या मनाची भरपाई कोण करणार?

दोन प्रश्न, दोन उत्तरें

अशा वेळीं घोटाळा होतो तो दोन प्रश्न एकत्र केल्यामुळें. उद्यां सकाळीं महाविद्यालयांत कसें जावयाचें, हा एक प्रश्न; आणि कागदावरचा पत्ता कसा दुरुस्त करावयाचा, हा दुसरा. पहिल्यास आजच उत्तर हवें, दुसऱ्यास वेळ लागणार. आम्हीं असें सुचविलें कीं, तूर्त डोंबिवली ते माटुंगा असा साधा, सवलतीवांचूनचा पास काढावा. मात्र तो एकाच महिन्याचा. तीन महिन्यांचा स्वस्त पडतो, म्हणून त्या मोहांत पडूं नये. कारण सवलत सुरू झाल्यावर उरलेले महिने पूर्ण भावानें घेतल्यासारखे होतील. यांत तोटा झाला तो नेमका साडेसात भाड्यांचा. तो आधींच मोजतां आल्यामुळें घरांतील निम्मी चिंता तेव्हांच ओसरली.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर घरांतच होतें. धाकट्या बंधूंनीं डोंबिवलीस आल्यावर बँकेच्या कामासाठीं आपल्या आधारकार्डावरील पत्ता बदलून घेतला होता. मुलीचा मात्र राहून गेला होता. ज्यांच्या स्वतःच्या नांवानें पत्त्याचा कोणताही पुरावा नसतो, अशांकरितां आधार प्राधिकरणानें जानेवारी २०२३ मध्यें एक सोय जाहीर केली. कुटुंबप्रमुखाच्या संमतीनें त्याचाच पत्ता आपल्या कार्डावर लावून घेतां येतो. येथें कुटुंबप्रमुख याचा अर्थ घरांतील सर्वांत वडील माणूस असा नाहीं. अठरा वर्षांवरील व्यक्तीस या कामापुरतें कुटुंबप्रमुख होतां येतें. अर्जदारानें प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कुटुंबप्रमुखाचा आधार क्रमांक द्यावयाचा व उभयतांचीं नांवें असलेला नात्याचा पुरावा जोडावयाचा. रेशनकार्ड, गुणपत्रिका, विवाहाचा दाखला, पारपत्र असे कागद त्यास चालतात. यांपैकीं कांहींच नसेल, तर कुटुंबप्रमुखानें ठराविक नमुन्यांत स्वतः लिहून दिलेलें निवेदन चालतें. अर्जाचें शुल्क ही सोय सुरू झाली तेव्हां ५० रुपये होतें. अर्ज पोंचल्याची सूचना कुटुंबप्रमुखाच्या मोबाइलवर येते, आणि तीस दिवसांच्या आंत त्यानें संमति दिली पाहिजे. ती न दिल्यास अर्ज निकालांत निघतो व शुल्कही परत मिळत नाहीं.

मुलीनें त्याच रात्रीं स्वतः अर्ज भरला, आणि वडिलांनीं शेजारीं बसून संमति दिली. गंमत अशी कीं, ठाण्याचें जें जुनें रेशनकार्ड पत्त्याच्या कामीं निरुपयोगी ठरलें होतें, तेंच बापलेकीच्या नात्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडलें. यथावकाश पत्ता बदलून आला. तो घेऊन ती कार्यालयांत गेली, तेव्हां त्याच कारकुनानें दप्तरांत दुरुस्ती करून फॉर्मवर डोंबिवली ते माटुंगा असें लिहून दिलें. साध्या पासाचा महिना संपण्यापूर्वींच सवलतीचा त्रैमासिक पास तिच्या हातीं आला. मुलीनें तो प्रथम आजींस दाखविला. आजींनीं चष्मा लावून स्टेशनाचें नांव वाचलें, आणि म्हणाल्या, "आतां खरी इथली झालीस!"

वेळेचीं कांहीं पथ्यें

पत्त्याची अडचण प्रत्येकासच येईल असें नाहीं. परंतु मुदतीची सर्वांसच येते. तिच्याविषयीं दोन-तीन गोष्टी ध्यानांत धरण्यासारख्या आहेत. पासाचें नूतनीकरण मुदत संपण्याच्या दहा दिवस आधींपासून करतां येतें, आणि नवी मुदत जुनी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरली जाते. म्हणजे लवकर जाण्यांत एकही दिवस फुकट जात नाहीं. तरी पुष्कळ लोक 'दिवस वायां जातील' या समजुतीनें शेवटल्या दिवसाची वाट पाहत बसतात, आणि नेमका त्याच दिवशीं कार्यालयास सुटी असते! दुसरें असें कीं, सवलतीचा फॉर्म मिळाला म्हणजे काम झालें असें नव्हे. तो दिल्या तारखेपासून तीन दिवसांत तिकिटाच्या खिडकीवर द्यावा, अशी सूचना पुष्कळ महाविद्यालयें देतात. शुक्रवारीं घेतलेला फॉर्म दप्तरांत ठेवून मंगळवारीं खिडकीवर गेल्यास परत यावें लागणार, यांत नवल नाहीं.

तिसरी गोष्ट जुन्या पासाची. पुढचा फॉर्म देण्यापूर्वीं कार्यालय मागील पासाचा क्रमांक व तारीख विचारतें. म्हणून नवा हातीं आला तरी जुना लगेच टाकूं नये. पास हरवल्यास रेल्वे त्याची दुसरी प्रत देत नाहीं, हेंही लक्षांत असावें. जुना पास जपण्याचा लाभ कित्येकांनीं २०२० मध्यें प्रत्यक्ष अनुभविला. त्या वर्षीं मार्च महिन्यांत महामारीमुळें उपनगरी गाड्या बंद पडल्या, आणि १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेंतील लोकांसाठीं थोड्या सुरू झाल्या. तेव्हां बंदच्या काळांत न वापरलेले दिवस पासाच्या मुदतींत वाढवून देण्यांत आले. ज्यांनीं जुना पास सांभाळला होता, त्यांस तो खिडकीवर दाखवितां आला.

आणखी एक गोष्ट ओळखपत्राची. मुदतीच्या पासाबरोबर छायाचित्राचें ओळखपत्र जवळ बाळगावें लागतें, आणि त्याचा क्रमांक पासावर असतो. ओळखपत्र बदललें व पासावर जुनाच क्रमांक राहिला, तर पास खरा असूनही आपला ठरत नाहीं. म्हणून पास हातीं पडतांच खिडकीपासून दूर होण्यापूर्वीं नांव, क्रमांक, स्टेशनें व तारीख या चार गोष्टी वाचून पाहाव्या. मागील रांगेची घाई असली, तरी एवढा वेळ प्रत्येकास असतो.

वडील माणसांच्या सवलती

हाच नियम घरांतील वडील माणसांच्या सवलतींसही लागूं आहे. साठ वर्षांवरील पुरुषांस ४० टक्के व अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांस ५० टक्के अशी जी सवलत रेल्वेच्या लांबच्या प्रवासांत असे, ती २० मार्च २०२० पासून थांबविण्यांत आली. उलटपक्षीं एस्.टी.नें २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांस विनामूल्य प्रवासाची, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस निम्म्या भाड्याची सोय केली. ही सवलत घेतांना वय कागदावरून पाहिलें जातें. आपल्याकडे मागील पिढींतील पुष्कळांची जन्मतारीख शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं १ जून अशी लिहून टाकलेली असते; पत्रिकेंत एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आणि आधारकार्डावर कधीं कधीं तिसरीच. दहा ठिकाणीं पत्रिका दाखवून उपयोग नाहीं. ओळखपत्रांवरील नांव व तारीख परस्परांशीं जुळतात कीं नाहीं, हें आजोबा-आजी घरांत स्वस्थ बसले असतां पाहून घ्यावें. पंढरपूरची गाडी सुटावयाच्या वेळीं पाहूं नये.

काम कोणाचें?

एकत्र कुटुंबांत कागदपत्रांचें काम बहुधा एका कर्त्या माणसावर पडतें, आणि बाकीचे निर्धास्त असतात. ही सोय खरी; परंतु तींत एक दोष आहे. ज्याच्या नांवाचा कागद, त्यासच त्याची माहिती नसते. कर्ता माणूस गांवास गेला किंवा आजारी पडला, कीं घरांतील लेकीसुनांस व वृद्धांस आपला पास, आपला पत्ता, आपली तारीख कोठें आहे हें ठाऊक नसतें. वरील हकीकतींत अर्ज मुलीनें स्वतः भरला, ही गोष्ट आम्हांस पासाहूनही महत्त्वाची वाटते. पुढल्या खेपेस तिला कोणाचें तोंड पाहावें लागणार नाहीं. इतकेंच नव्हे, तर आजींचें कामही ती करूं शकेल.

याकरितां फार मोठा खटाटोप नको. घरांतील प्रत्येक माणसाच्या नांवाचें एकेक पान घालून एक लहानशी वही करावी. तींत पासाचा क्रमांक व मुदत, ओळखपत्राचा क्रमांक आणि कागदांवर जसें लिहिलें असेल तसें नांव, पत्ता व जन्मतारीख उतरून ठेवावी. वही कुलुपांत असावी, पण ती कोठें आहे हें सर्वांस माहीत असावें. घर बदललें, लग्न झालें, कोणी वारलें, कोणी राहावयास आलें, म्हणजे ती वही उघडावी आणि कोणाचा कोणता कागद मागें राहिला आहे हें पाहावें. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत एकादशी व चतुर्थी आपण पाहतोंच. त्याच चौकटींत पास संपण्याच्या आधींच्या दहाव्या दिवसावर एक खूण करावी.

माणूस घरांत आला, म्हणजे त्याचें पान मांडलें जातें, अंथरूण घातलें जातें, पण त्याचें नांव घराच्या कागदांत घालण्याचें मात्र राहून जातें. नांव पानावर असावें तसें कागदावरही असावें. तें असलें, म्हणजे खिडकीवर कोणाची विनवणी करावी लागत नाहीं व कोणाशीं भांडावेंही लागत नाहीं. नियमानें देऊं केलेली सवलत ताठ मानेनें मागतां येते, आणि ती मिळतेही.